मित्राच्या दारात बेलीफ येतो तेव्हा

चिंचवडहून एका वाचकांनी लिहिलं आहे. वय ४२, टूल रूममध्ये नोकरी, पत्नी शिक्षिका, मुलगी नववीत, घराच्या कर्जाचे अजून चौदा वर्षांचे हप्ते बाकी. सांगलीला डिप्लोमाला एकाच खोलीत राहिलेला त्यांचा मित्र अडचणीत आहे. त्याची चाकणची नोकरी गेली आणि तो सात महिने घरी बसला. त्या काळातला घरखर्च आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तीन क्रेडिट कार्डांवर निघालं. आता पुन्हा काम मिळालंय, पण पगार ३१ हजार आणि तिन्ही बँकांची मिळून मागणी ६ लाख ८० हजारांची. एका बँकेने पुण्याच्या दिवाणी न्यायालयात २ लाख ७४ हजारांचा दावा लावला असून बेलीफ घरी येऊन समन्स देऊन गेला. दुसऱ्या बँकेकडून लोक अदालतीची नोटीस आली आहे. तिसऱ्या बँकेचे वसुलीवाले आपल्या या वाचकांनाही फोन करतात, कारण मित्राने कार्डाच्या अर्जावर त्यांचा नंबर दिला होता. मित्राचा न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणतो, "दिवाळखोरी जाहीर कर, चार महिन्यांत मोकळा." गावाकडचे म्हणतात, तासगावच्या जमिनीतला हिस्सा भावाच्या नावावर करून टाक. वाचकांच्या मनात मात्र घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेऊन मित्राचं सगळं एकदम मिटवून टाकायचं आहे. पत्नीला अजून सांगितलेलं नाही. २००९ साली त्यांचे वडील मिरजेला दवाखान्यात होते, तेव्हा या मित्राने मोटरसायकल विकून १८ हजार दिले होते. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "परवा तो म्हणाला, मला काही झालं तर विम्याचे पैसे तरी येतील. अशा वेळी त्याला एकटं कसं सोडू?"

*

तुमच्या पत्राच्या त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. ते वाक्य तुम्ही घाईत लिहिल्यासारखं वाटलं, पण कर्ज, कोर्ट, टॉप-अप या सगळ्याच्या आधी तेच आहे.

विम्याबद्दल तो जे बोलला ते वैतागून बोलला असेल. नसेलही. अंदाज बांधत बसू नका, त्याला भेटा आणि सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो अशी अनेकांना भीती वाटते. तसं होत नाही. उलट, हे कुणाशी तरी बोलता येतं एवढ्यानेच माणूस थोडा सैल होतो. तो हो म्हणाला तर वाद घालू नका, आई-मुलांची शपथ घालू नका. ऐकून घ्या आणि त्याला एकटं ठेवू नका. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला विश्वासात घ्या आणि १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला त्याच्यासोबत बसून फोन लावा. ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. अगदी तातडीची वेळ वाटली तर ११२ लावा किंवा जवळच्या हॉस्पिटलात घेऊन जा. पुढचं सगळं वाचायचं थांबवून हे आधी करा.

आता पैशांकडे येऊ.

तुम्ही धरून चाललाय की मित्राला वाचवायचं म्हणजे ६ लाख ८० हजार उभे करायचे. पण हा आकडा बँकांनी मागितलेला आहे. खरेदी आणि ऑपरेशन मिळून खर्च किती झाला, भरले किती आणि व्याज किती चढलं, हे त्याने किंवा तुम्ही अजून कागदावर मांडलेलं दिसत नाही. क्रेडिट कार्डाचं व्याज कसं चालतं ते पाहा. महिना साडेतीन टक्के दर धरा, बहुतेक कार्डांचा त्याच्या आसपास असतो. एक लाख थकले तर महिन्याचं व्याज ३,५०० आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३०. माणूस प्रामाणिकपणे 'मिनिमम ड्यू' म्हणून पाच हजार भरतो आणि त्यातले ४,१३० व्याजात आणि करात जातात. मुद्दल कमी होतं ८७० रुपयांनी. तुमच्या मित्राने वर्षभर हप्ते भरले असतील आणि तरी रक्कम हलली नसेल, तर त्याने उधळपट्टी केली असा निष्कर्ष काढू नका. त्यालाही तसं वाटत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. कित्येकांना तो पहिल्यांदा कळतो तेव्हा रडू येतं. मी हे पाहिलेलं आहे.

तीस टक्क्यांच्या वर व्याज लावणं बेकायदा आहे, असा एक मेसेज अजून फिरत असतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसं म्हटलं होतं खरं, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे या मुद्द्यावर कोर्टात उभं राहू नका. बाकी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेतच. न भरलेले दंड, शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. तिन्ही बँकांकडे सुरुवातीपासूनचा खातेउतारा लेखी मागा आणि हीच गोष्ट शोधा.

समन्सबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तिथे दिवस मोजलेले असतात. ते समन्स नीट वाचा. त्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ चा उल्लेख असेल, तर तो संक्षिप्त दावा आहे. त्यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत हजेरी नोंदवावी लागते. नंतर बँक पुढचं समन्स पाठवते आणि तेव्हा पुन्हा दहा दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचाव मांडायची परवानगी मागावी लागते. तसा उल्लेख नसेल तर तो साधा दावा, त्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला तीस दिवस असतात आणि कारण पटलं तर कोर्ट ते नव्वदपर्यंत वाढवू शकतं. काहीच केलं नाही, तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्याची बाजू न ऐकताच कोर्टाचा निकाल, होतो. बँकेने जो आकडा लिहिला असेल तोच मग खरा धरला जातो, आणि व्याज चुकीचं लावलं होतं हे सांगायची वेळ निघून जाते. समन्स खरं आहे ना, याचीही खात्री करून घ्या, कारण हल्ली कोर्टाच्या नावाने खोटे कागद व्हॉट्सॲपवर सर्रास येतात. प्रत्येक खऱ्या दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो टाकला की पुढची तारीख फुकट दिसते.

वकील लागेल. परवडत नसेल तर शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे, तुमचा मित्र त्यात बसतो का हे तिथेच विचारा. १५१०० हा त्यांचा मदतीचा क्रमांक. हे वाचणाऱ्या ज्या बहिणींवर नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या कार्डाचा दावा लागलाय, त्यांनी तर हा हक्क अजिबात सोडू नये.

लोक अदालतीची नोटीस ही वेगळी गोष्ट. तुमचा मित्र ती समन्सपेक्षा जास्त घाबरून वाचत असणार, कारण त्यावर न्यायाधीशांचं नाव आणि शिक्का असतो. दावा दाखल होण्याआधीची नोटीस असेल, तर ते तडजोडीचं बोलावणं आहे. गेलं नाही म्हणून कुणी पकडून नेत नाही. तरी जावं, असं माझं मत आहे, कारण बँकेचा माणूस तिथे मोकळ्या मनाने बसलेला असतो आणि आकडा खाली येतो. फक्त एक ध्यानात असू द्या. लोक अदालतीत सही केलेली तडजोड म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच असतो आणि त्यावर अपील नाही. दरमहा आठ हजार भरतो असं तिथल्या दडपणात बोलून गेला आणि घरात उरतात पाच हजार, तर तो स्वतःच्या सहीने अडकला. म्हणून हिशेब घरून करून जायचा आणि त्यापुढे एक रुपयाही कबूल करायचा नाही. मान्य नसेल तर सही न करता उठून येता येतं.

तुरुंगाची भीती त्याच्या मनात नक्की असेल, वसुलीवाले तीच घालतात. कार्डाचे पैसे थकणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. हुकूमनाम्यानंतरही, ऐपत असून मुद्दाम न देणारा माणूस आणि खरोखर नाही म्हणून न देणारा माणूस यांत कायदा फरक करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगून ठेवलंय की नुसत्या गरिबीपायी कर्जदाराला कोठडीत टाकता येत नाही. बँकेने दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, लावून पगार जप्त करायचा म्हटलं तरी पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. ३१ हजारांच्या पगारात ढोबळमानाने २१ हजार सुरक्षित राहतात. भविष्य निर्वाह निधी जप्त होत नाही. घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि मंगळसूत्रासारखे धर्माने अंगावरून न उतरवायचे दागिने यांवरही जप्ती येत नाही. हे त्याच्या आईला समजावून सांगा. बेलीफ येऊन गेलेल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर काय काय येत असेल, याची मला कल्पना आहे.

तुरुंगाची खरी वाट एकाच ठिकाणी उघडी असते, ती म्हणजे चेक. वसुलीवाला घरी येतो आणि म्हणतो, सेटलमेंटसाठी पुढच्या तारखांचे सहा चेक द्या. माणूस सुटका म्हणून देतो. त्यातला एक परत गेला, बँकेची नोटीस आली आणि पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत, तर चेक न वटण्याबद्दलचं, परक्राम्य संलेख कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ लागतं, आणि तो फौजदारी खटला असतो. दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याची संमती दिली आणि तो हप्ता पैसे नाहीत म्हणून परतला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात तशीच तरतूद आहे. मित्राला सांगा, खात्यात पैसे असल्याशिवाय चेक नाही आणि संमतीही नाही.

आता चुलतभावाचा सल्ला. तो खोटं बोलत नाहीये. अमेरिकेत चॅप्टर सेव्हन नावाची दिवाळखोरी आहे आणि तिथे कार्डाची देणी साधारण चार महिन्यांत माफ होऊ शकतात. पण तो कायदा तिथला आहे. आपल्याकडे २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला आणि त्यात तुमच्या-माझ्यासारख्या माणसांसाठी एक स्वतंत्र भाग लिहिलाही गेला. तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. पगारदार माणसाला आजही इंग्रजांच्या काळातल्या कायद्याकडेच जावं लागतं. मुंबई शहरात १९०९ चा, पुण्यात, सांगलीत, नागपुरात १९२० चा. त्या १९२० च्या कायद्यात पाचशे रुपयांचं देणं असलेलाही अर्ज करू शकतो, यावरून त्याचं वय कळतं. अर्ज मंजूर झाला की माणसाची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, मग मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करायचा, आणि कोर्ट त्याचं वागणं तपासून निर्णय देतं. यात काही वाईट आहे असं नाही. 'दिवाळं निघालं' हे आपण शिवीसारखं वापरतो, पण कायद्याने ती माणसाला श्वास घेऊ देण्यासाठी ठेवलेली वाट आहे. फक्त ती लांबची आहे आणि तिच्या तोंडाशीच तासगावचा हिस्सा द्यावा लागेल. तीनपैकी दोन बँकांशी तडजोड होण्याची शक्यता असताना तिथून सुरुवात करू नये, असं मला वाटतं. सगळे दरवाजे बंद झाले तर चांगल्या दिवाणी वकिलासोबत बसून तो अर्ज करायलाही लाजू नये.

आणि म्हणूनच गावाकडचे म्हणतात ते, हिस्सा भावाच्या नावावर करायचं हक्कसोडपत्र आत्ता करू नका. दावा लागलेला असताना धनकोच्या हातून निसटावी म्हणून जमीन भावाच्या नावावर केली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली बँक ते रद्द करून घेऊ शकते. पुढे दिवाळखोरीचा अर्ज केलाच, तर मागच्या दोन वर्षांतलं असं फुकट दिलेलं दान उकरून काढलं जातं. शिवाय आत्तापर्यंत त्याच्या बाजूने असलेली एकमेव गोष्ट, म्हणजे तो फसवणारा नाही, हीच जाते. गावकऱ्यांचा हेतू चांगला आहे, सल्ला घातक आहे. जमिनीचा हिस्सा भावाला रीतसर, बाजारभावाने विकून त्यातून देणं फेडायचं असेल तर ती गोष्ट निराळी आणि तिचा विचार जरूर व्हावा. वडिलोपार्जित जमीन हा शब्द उच्चारला की आपल्याकडे बोलणंच थांबतं. पण सव्वा-दीड एकरातला एक हिस्सा आणि एका माणसाची झोप यांत मी झोपेच्या बाजूने बोलेन.

तुमच्या टॉप-अपबद्दल बोलायला मी मुद्दाम उशीर केला.

तुमच्या मूळ पत्रात मिरजेच्या दवाखान्याबद्दल अकरा ओळी आहेत. त्यातल्या नऊ ओळी, तो अकरा रात्री तुमच्यासोबत वॉर्डाबाहेरच्या बाकावर कसा बसला, पहाटे चहा कसा आणायचा, डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्या आईला कसं समजावून सांगायचा, याबद्दल आहेत. मोटरसायकल आणि १८ हजार एका ओळीत आटोपले आहेत. पंधराहून जास्त वर्षांनंतर तुम्हाला काय आठवतं, ते तुमच्याच पत्रात लिहिलंय. ते १८ हजार तुम्ही नंतर परतही केले, असं तुम्ही लिहिलंय. मग आता काय फेडायचं राहिलंय असं वाटतंय? मला तरी ते बाकावरचे दिवस वाटतात.

त्याने तेव्हा स्वतःची गाडी विकली. तुम्ही जे गहाण टाकायला निघाला आहात त्यावर तुमच्या पत्नीचं आणि मुलीचं छप्पर आहे, आणि त्यातल्या एकीलाही हे माहीत नाही. टॉप-अपचा व्याजदर कार्डापेक्षा खूप कमी असतो, त्यामुळे हिशेबात तो शहाणपणा दिसतो, हे मला कळतं. पण फेडणारा बदलतो. त्याने दोन महिने दिलं आणि तिसऱ्या महिन्यात नाही देऊ शकला, तर तुम्ही त्याला फोन कराल? तुम्ही नाही करणार. तो तुमचा फोन येईल या भीतीने स्वतः फोन करणं बंद करेल.

हे मी घरात पाहिलंय. १९९४ मध्ये माझे वडील एका सहकाऱ्याला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिले. काका म्हणायचो आम्ही त्यांना, दर रविवारी यायचे. कर्ज थकलं आणि वडिलांच्या पगारातून कापलं जाऊ लागलं. कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, पतसंस्थेने आधी कुणाकडे जावं असं काही बंधन नसतं. वडिलांनी चार वर्षं मुकाट भरलं, एका शब्दाने बोलले नाहीत. तरी काकांचं येणं थांबलं. एकदा मंडईत ते आम्हाला पाहून दुसऱ्या गल्लीत वळले. वडिलांना पैशांपेक्षा ते लागलं. वडील गेले तेव्हा काका आले नाहीत, आणि मला खात्री आहे की त्यांना यायचं होतं.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं. तुमच्या नावावर कर्ज घेऊ नका, त्याच्या कुठल्याही नव्या कर्जाला जामीन राहू नका, तुमचं कार्ड त्याला वापरायला देऊ नका. आज रात्री पत्नीला सगळं सांगा. रागावतील कदाचित, तरी सांगा. दोघांनी मिळून एक रक्कम ठरवा, जी परत आली नाही तरी तुमच्या घरात भांडण होणार नाही. ती वीस हजार असेल, पन्नास असेल. ती उसनी म्हणून देऊ नका, देऊनच टाका, आणि त्याच्या हातात देण्याऐवजी वकिलाची फी भरा किंवा तडजोड ठरल्यावर थेट त्याच्या कार्डखात्यात भरा.

आणि बाकीचे दिवस द्या. पुढचे दोन-तीन शनिवार त्याच्याकडे जा. एक बॉक्स फाइल, पंच मशीन आणि रजिस्टर घेऊन जा. न उघडलेली पाकिटं असतीलच, बहुधा कपाटावर किंवा देव्हाऱ्याखालच्या खणात. तो काढायला टाळेल. तुम्ही फोडा, तारीख वाचा, बँकेप्रमाणे वेगळी लावा. प्रत्येक कार्डावर शेवटचा भरणा कधी झाला ते रजिस्टरात लिहा, कारण वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि मध्ये केलेला भरणा किंवा लेखी कबुली ती मुदत नव्याने सुरू करते. वकिलाला हे पहिल्यांदा लागेल. मग घरखर्च लिहा: भाडं, आईची औषधं, मुलांची फी, किराणा. महिन्याला खरोखर किती उरतात ते काढा. पाच हजार निघाले तर पाच हजार. त्या आकड्यावर तिन्ही बँकांना पत्र जाईल: नोकरी गेल्याचा पुरावा, ऑपरेशनची बिलं, आताचं पगारपत्रक आणि एवढं देऊ शकतो, व्याज थांबवून हप्ते बांधून द्या किंवा एकरकमी तडजोडीचा आकडा सांगा. ईमेलने पाठवा, पोच ठेवा. दावा लागलेल्या बँकेला पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका.

तडजोड ठरली तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र येईपर्यंत एक रुपया भरायचा नाही. फोनवरचा मनुष्य कितीही गोड बोलला, "आजच भरलंत तर निम्म्यात" म्हणाला, तरी नाही. पत्रात रक्कम, तारीख, आणि उरलेलं देणं संपलं असं स्पष्ट वाक्य हवं. दावा चालू असेल तर तो मागे घेण्याचंही. भरल्यावर 'नो ड्यूज' पत्र घ्या. सिबिलमध्ये काही वर्षं 'सेटल्ड' असा शेरा राहील आणि त्या काळात त्याला नवं कर्ज मिळायला अवघड जाईल. त्याच्या आत्ताच्या परिस्थितीत नवं कर्ज न मिळणं ही फार मोठी शिक्षा आहे असं मला वाटत नाही. कर्ज निम्म्यावर आणून देतो म्हणून जाहिराती करणाऱ्या एजन्सी दरमहा फी घेतात आणि तुमच्याच वतीने तीच पत्रं लिहितात. तुम्ही दोघं डिप्लोमा झालेले आहात, ती पत्रं तुम्हाला लिहिता येतात.

तुम्हाला येणाऱ्या फोनचं उत्तर सोपं आहे. अर्जावर संदर्भ म्हणून नंबर दिलेला माणूस जामीनदार नसतो, तुम्ही त्या बँकेचं काहीही देणं लागत नाही. रिझर्व्ह बँकेने कार्डधारकाच्या घरच्यांना, मित्रांना आणि संदर्भ म्हणून दिलेल्या लोकांना त्रास द्यायला, चारचौघांत अपमान करायला मनाई केली आहे. थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असंही सांगितलंय. फोन रेकॉर्ड करा, तारीख-वेळ लिहा आणि बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार मोफत होते, माहितीसाठी १४४४८. कुणी दारात येऊन धमकावलं तर पोलिसांत जा. मित्राच्या कंपनीत फोन जात असतील तर त्याने स्वतःच्या वरिष्ठांना आधी सांगून ठेवावं. लपवलेली गोष्ट वसुलीवाल्याच्या तोंडून कळली की तीच मोठी होते. लोकांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं, त्यांच्याही घरी कुणी ना कुणी यातून गेलेलं असतं.

त्याला हे सगळं एकाच दिवशी सांगू नका. पहिल्या शनिवारी फक्त पाकिटं फोडा आणि चहा घ्या. लाज वाटणारा माणूस मदत करणाऱ्यावरच चिडतो. "तुला काय कळतंय" म्हणेल, "राहू दे, मी बघतो" म्हणेल. तुम्ही मिरजेच्या बाकावर त्याला असंच काहीतरी बोलला असाल, आठवून बघा. तो उठून गेला नव्हता.

एक गोष्ट मात्र शनिवारपर्यंत थांबणार नाही. बेलीफ नेमका कोणत्या तारखेला आला हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. समन्सच्या प्रतीवर मित्राने सही केली असेल, तिथे ती तारीख असेल. हे वाचून झाल्यावर त्याला फोन करा. आधी तो कसा आहे ते विचारा आणि मग ती तारीख.